सातावरचा काटा

घारपुरे साहेब जिल्ह्याहून नवं यंत्र घेऊन आले आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत उभ्याउभ्याच त्यांनी हुकूम सोडला. "ही काचेची नळी मोडीत काढा. माती पाण्यात ढवळा, अर्धा तास थांबा, मग नळी बुडवा. कशाला हे सोपस्कार? हा दांडा मातीत खुपसला की झालं!"

प्रयोगशाळेच्या तोडणकर बाई म्हणाल्या, "साहेब, या लाल मातीला आमची नळी पाच दाखवते. सातच्या खाली म्हणजे आंबट. बागेला चुना लागणार."

साहेबांनी त्याच वाळवून चाळलेल्या मातीत दांडा खुपसला. काटा सातावर. "ना आम्ल, ना विम्ल! चुना नको. तुमची नळी खोटी." पुढचे दोन नमुने तपासले, तरी काटा सातावरच.

बाईंनी आत जाऊन वाटीभर तांबूस भुकटी आणली. "एवढा एक नमुना बघता?"

"सात!" साहेब खूश झाले. "लिहा, आंबटपणा अजिबात नाही."

"मग जरा जिभेवर ठेवून बघा."

"माती खाऊ?"

"माती नाही, आमसुलाची पूड आहे. चटणीसाठी आणली होती." बाईंनी आधी स्वतः चिमूटभर तोंडात टाकली. मग साहेबांनीही टाकली. त्यांचे डोळे घट्ट मिटले, गाल आत गेले.

"कोरड्यात तुमचा काटा जागचा हलतच नाही, साहेब," बाईंनी वही उघडली. "आता नोंद कुठली करू? यंत्राची, की तुमच्या चेहऱ्याची?"