सारजा रंगारणीची शेंदरी

शेंदरी देवीची. ती कापडाला लावावी, देवीच्या पाषाणाला लावावी, पोटात घालू नये. का, ते विचारू नये. फार वर्षांपूर्वी शेलदऱ्याची सारजा रंगारीण हे ऐकतच मोठी झाली. शेंदरीच्या झाडाच्या फळांवरची लाल भुकटी झाडून ती कापड रंगवायची.

एका साली वाडीतल्या पोरांची पोटं मडक्यासारखी फुगली, हातपाय काड्या झाले. सारजाची लेक ठकू तर उठून बसेना. जंत झालेत हे सगळ्यांना कळत होतं, पण औषध कुठलं? असं म्हणतात, पूर्वी कुणीतरी शेंदरी पाण्यातून प्यायला होता. गुण आला नाही, भुकटी तशीच बाहेर पडली. थोरांनी ठरवलं, देवीनं ती परत पाठवली.

सारजाला हे पटेना. साध्या पाण्यावर शेंदरी नुसती तरंगते, खार पडला की रंग सोडते, हे ती घंगाळात रोज बघत होती.

"देवीनं नाही, मामंजी, पाण्यानं परत पाठवली," ती सासऱ्यांना म्हणाली.

"लई शहाणी. आणि पोर गेली म्हणजे?"

"न देताही चाललीच आहे की."

तिनं शेंदरीत चिमूटभर पापडखार घातला, दह्यात घोटली, आधी स्वतः चाटली, मग ठकूला दिली. असं म्हणतात, दुपारी फितीसारखा पांढरा जंत पडला, तो कुंपणावर पसरला तर कुंपण संपलं, जंत संपेना.

संध्याकाळी ठकू म्हणाली, "आई, भाकरी."

सारजा पोरीकडे बघत राहिली आणि भाकरी करपली. ठकूनं करपलेलीच खाल्ली.

मग दारात रांग लागली. एकेक पोर उठून खेळायला लागलं. तेव्हा थोर मंडळी नारळ घेऊन आली.

"बाई, देवीच तुझ्या रूपानं आली. तुझं ठाणं मांडतो. यापुढं शेंदरी गुरव देईल. घोटायची रीत मात्र कुणाला सांगू नकोस."

"मी देवी नाही. आणि रीत सकाळीच पाणवठ्यावर सगळ्या बायकांना सांगून आलेय. ठाणं नको मला. तो नारळ फोडा, पोरं भुकेली आहेत."

थोरांनी तिथंच नारळ फोडला आणि पोरांना खोबरं वाटलं.

शेलदऱ्यात सारजाचं देऊळ नाही. शेंदरी पिकली की तिच्या नावानं पोरं पारावर जमतात. आता सरकारी दवाखान्याच्या आशाताई जंताची गोळी आणतात. पोरं ती चावून खातात, वर खोबरं खातात. शेवटच्या पोराची गोळी चावून होईपर्यंत पारावर थोरांनी बोलायचं नाही, अशी तिथली रीत आहे.