कामठवाडीचा सात खाचांचा खांब

माळुंगी घाटाच्या पायथ्याशी कामठवाडी आहे. वाडीच्या मधोमध, मोकळ्या अंगणात, खैराचा एक खांब उभा आहे. पुरुषभर उंच, डोक्याला बेचके आणि अंगावर वरून खाली सात खाचा. घाट चढायला आलेली मंडळी त्याच्यापाशी हटकून थांबतात. कुणी त्याला फाशीचा खांब म्हणतो. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी तर तो जुना विजेचा खांब ठरवून टाकला. खांबापासून सात पावलांवर एक सपाट दगड आहे आणि त्यावर दोन पावलांचे खळगे पडलेले आहेत. तिथे लोक हळदकुंकू वाहून जातात. वाहोत बापडे. पण ती पावले कुठल्या देवाची नव्हेत, एका चुकलेल्या माणसाची आहेत.

पूर्वी या वाडीत घाटाच्या राखणदारांसाठी कामठे, म्हणजे धनुष्ये, घडत. धामणीचे लाकूड तासून कामठ्याचा आकार काढता येतो, ते कुणालाही जमेल. खरे काम खांबावर. कामठ्याची मूठ बेचक्यात बसवायची, दोरी खाली ओढून पहिल्या खाचेत अडकवायची आणि सात पावले मागे जाऊन बाक पाहायचा. मुठीच्या वरची आणि खालची बाजू, म्हणजे कामठ्याचा वरचा हात आणि खालचा हात, सारख्या वाकल्या पाहिजेत. जिथे ताठ राहते तिथे खरवडायचे, जिथे जास्त वाकते तिथे बोटसुद्धा लावायचे नाही. मग दुसरी खाच, पुन्हा सात पावले, पुन्हा खरवडणे. असे करत कामठा सातव्या खाचेला आला की माणसाच्या हाती द्यायला तयार झाला. जवळून पाहणाऱ्याला फक्त लाकूड दिसते, बाक दिसत नाही, म्हणून ही सात पावले.

या कामात हैबतीचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता, असे सांगतात. त्याची बायको ठकू. ती अंबाडीच्या दोऱ्या वळायची. तिची जागा उंबरठ्यावर, खांबाच्या अगदी समोर. तीस वर्षे मांडीवर दोरी वळता वळता तिने शेकडो कामठे खांबावर चढताना आणि उतरताना पाहिले होते. तिला कुणी काही शिकवले नव्हते, पण डोळा तयार झाला होता. हैबतीला ते ठाऊक होते की नाही, देव जाणे. त्याने तिला कधी विचारले नाही एवढे खरे.

पुढे हैबतीच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, आला. सात पावलांवरून त्याला खांब दिसे, कामठा दिसे, पण बाक दिसेना. हे त्याने कुणाला सांगितले नाही. तो मागे जायचाच बंद झाला. खांबाला खेटून उभा राहायचा, स्वतःच दोरी ओढायचा आणि लाकडावरून तळवा फिरवून म्हणायचा, झाले. लोक काय, लोकांना कौतुक करायला काहीतरी लागते. हैबतीला आता बघावेही लागत नाही, नुसत्या हाताने कळते, असा बोलबाला झाला. म्हाताऱ्याने तो ऐकला आणि त्याला तो गोड लागला. इथेच सगळे बिघडले.

त्या साली घाटात वाघ लागू झाला होता. बैलांचे तांडे हाकणारी दोन माणसे त्याने नेली होती. राखणदारांत ठकूचा धाकटा भाऊ होता, सुभाना नावाचा. त्याच्यासाठी नवा कामठा खांबावर चढला तेव्हा सारी वाडी अंगणात जमली होती. हैबतीने एकेक खाच उतरवली. सहाव्या खाचेला उंबरठ्यावरून ठकू म्हणाली, "वरचा हात इतभर जागेतच दुमडतोय. बाकीचा नुसता झोपलाय. थांबा जरा."

त्या क्षणी हैबती थांबला असता, कुणा डोळसाला सात पावलांवर उभे केले असते, तरी वेळ गेली नव्हती. पण चारचौघांत बायकोने चूक काढली हे त्याला झोंबले. तो म्हणाला, "दोरी वळणारीनं दोरीकडं बघावं." माणसे हसली. सुभानाही हसला म्हणे. ठकूने मान खाली घातली आणि ती दोरीकडे पाहू लागली. हैबतीने दोरी सातव्या खाचेत नेऊन अडकवली. कामठा मोडला नाही.

तो तेव्हाच मोडला असता तर बरे झाले असते. पण तो टिकला, आणि हैबती खरा ठरला.

संध्याकाळी कामठा घासताना त्याच्या अंगठ्याच्या नखाला काहीतरी लागले. वरच्या हातावर, पोटाच्या, म्हणजे दोरीकडच्या, बाजूला, ठकूने सांगितलेल्या जागी, बारीक सुरकुत्या उठल्या होत्या. लाकूड आतून चेंगरले की अशा सुरकुत्या येतात, आणि तसा कामठा जळणाशिवाय कशाच्या कामाचा नसतो. हैबतीला हे सांगायला कुणी नको होते. पण सुभाना उद्या घाटावर चढणार होता. दुसरा कामठा करायचा तर वाळलेले लाकूड हवे, दिवस हवेत. आणि मुख्य म्हणजे, ठकूला जे उंबरठ्यावरून दिसले ते आपल्याला हातात धरून दिसले नाही, हे साऱ्या वाडीला सांगायला हवे होते. त्याने लाख तापवली आणि त्या जागेवर एक तांबडा पट्टा ओढला. सकाळी सगळ्यांनी पट्ट्याची तारीफ केली. सुभानाने मेहुण्याच्या पाया पडून कामठा खांद्याला लावला.

पाचव्या दिवशी भर दुपारी घाटातल्या पाण्याच्या टाक्यापाशी वाघ समोर आला. सुभानाने कामठा ओढला आणि तो ओढता ओढताच मोडला. मागून येणाऱ्या सोबत्यांनी वाघ हुसकला, पण तोवर उशीर झाला होता. त्यांनी सुभानाला खाली आणले आणि त्याच्यासोबत कामठ्याचे दोन तुकडे.

तेरावा झाल्यावर ठकू ते तुकडे घेऊन उंबरठ्यावर बसली. कामठा बरोबर तांबड्या पट्ट्यात मोडला होता. तिने नखाने लाख सोलली. खाली सुरकुत्या होत्या. तिने नवऱ्याला हाक मारली.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

हैबतीला नाही म्हणता आले असते. पाहणारे दुसरे कुणी नव्हते. तो म्हणाला, "व्हतं."

यावर ती रडली नाही, भांडली नाही. घर सोडून गेली नाही. भाकरी थापायची, पाणी आणायची, दोऱ्या वळायची. फक्त कामठ्याविषयी तिने पुन्हा एक शब्द काढला नाही.

हैबतीने मग तो दगड आणून सात पावलांवर पुरला. खांबाच्या बुडाशी भोक पाडून कामठ्याच्या दोरीला बांधायचा एक लांब दोर त्यातून ओवला, म्हणजे दगडावर उभे राहूनच ती ओढता यावी. आणि त्याने शपथ घेतली, की ठकू "बरोबर आहे" म्हणेपर्यंत सातवी खाच घ्यायची नाही. त्याला दगडावरून काही दिसत नव्हते. तरी तो तिथेच उभा राही. सहाव्या खाचेला आला की उंबरठ्याकडे तोंड करून विचारी, "ठकू, कुठं अडतंय?"

उंबरठ्यावरून उत्तर येत नसे. तो वाट पाहायचा, पुष्कळ वेळ पाहायचा, मग कामठा उतरवून माळ्यावर ठेवून द्यायचा. कामे दुसऱ्या वाड्यांकडे गेली, लोकांनी त्याला वेडा ठरवले. त्याला त्याचे काही नव्हते. तिचा राग रास्त आहे, तो सरेल तेव्हा सरेल, असे तो म्हणे. अशी अकरा वर्षे गेली आणि माळ्यावर सहा खाचांचे एकोणीस कामठे जमले.

विसावा कामठा खांबावर होता. हैबतीने विचारले. नेहमीसारखा थांबला. दोरी सैल करणार तोच उंबरठ्यावरून आवाज आला.

"मला आता दिसत न्हाई वो."

तो उंबरठ्यापाशी गेला. ठकूने सांगितले, की पहिली काही वर्षे ती मुद्दाम बोलली नव्हती. पुढे राग गेला, एक दिवस उत्तर द्यायचे म्हणून तिने मान वर केली, तर खांबाच्या जागी नुसता धूर दिसला. तीन वर्षे झाली त्याला. "खोटं कसं सांगू?" ती म्हणाली. "एकदा खोट्यावर माणूस गेलं."

दोघे म्हातारे उंबरठ्यावर बसून राहिले. समोर कामठा ताणलेला होता आणि दोघांनाही तो दिसत नव्हता. शेवटी पाणी घेऊन जाणाऱ्या शेजारणीने घागर खाली ठेवली, खांबाकडे पाहिले आणि खालच्या हातावर बोटभर खरवडायला हवे म्हणून सांगितले. हैबतीने तिचे ऐकले. तो कामठा सातव्या खाचेला उतरला आणि पुष्कळ वर्षे चालला, असे सांगतात.

वाडीत आता दसऱ्यासाठी तेवढा एक कामठा करतात. आजही करणारा दगडावर उभा राहून मोठ्याने विचारतो, कुठे अडतेय? अंगणात शंभर माणसे असतात, पोरेसोरे, लेकी, सुना, आणि बाक चुकला असेल तर तो निम्म्या लोकांना दिसत असतो. पण पहिल्यांदा विचारल्यावर कुणीही तोंड उघडत नाही. तो पहिला प्रश्न ठकूला असतो. तिला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागावा तेवढा सगळे गप्प राहतात, आणि मग तो दुसऱ्यांदा विचारतो.