पंगतीतून उठलेला अमात्य

फार पूर्वी शुभावती नगरीवर अरिंदम राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वाने त्याचा अमात्य म्हणून जन्म घेतला होता. नाव सुनेत्र. सोळा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावायचे नाही, हा कायदा राजाने त्याच्याच सांगण्यावरून केला होता. तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचे काम कोतवाल नंदकाकडे होते, आणि नंदक बिचारा मेटाकुटीला आला होता.

"अमात्य, हा कायदा काढून टाका," तो एके दिवशी म्हणाला. "मी दारात गेलो की पोरीला माळ्यावर लपवतात. मी वळलो की मांडवात आणतात. चौकशी करावी, तर सगळी आळी म्हणते, आम्ही काही पाहिलंच नाही. कायद्यानं कुठे लग्नं थांबतात?"

"एकट्या कायद्यानं नाही थांबत," सुनेत्र म्हणाला. "पण तो काढला, तर तुम्हाला त्या दारात कोणी उभंही करणार नाही."

नंदकाला हे पटले नाही. मोठ्या माणसांना बोलायला काय जाते, असे त्याच्या मनात आले.

पुढे महाशाल शेटजींच्या थोरल्या मुलीचे लग्न निघाले. राजाची कोठारे भरणारे हे शेटजी. त्यांनी मनात आणले तर अमात्यही बदलत. नंदकाने सकाळी जाऊन नवरी पाहिली. ती चांगली एकोणीस वर्षांची होती. तो निर्धास्त झाला. मुहूर्त गोरज होता, म्हणून पाहुण्यांची पंगत आधीच बसली. नंदकाने भात कालवला, इतक्यात बायका थोरलीला बाहेर घेऊन आल्या आणि तिच्यामागे मुंडावळ्या बांधलेली धाकटी कुंदाही आली. ती नऊ वर्षांची होती. एकाच मांडवात दोघी बहिणींना उजवायचे, म्हणजे जेवणावळ एकदाच घालावी लागते, ही तिथली जुनी रीत. आपण फसलो हे कळूनही नंदकाचा हात भातातच राहिला.

त्याच पंगतीत बसलेल्या सुनेत्राने अजून अन्नाला हात लावला नव्हता. तो पानावरून उठला.

भरल्या पंगतीतून पाहुणा उपाशी उठला की यजमानाची अब्रूच गेली. शेटजी धावत आले. "अमात्य, दंड करा, मी आत्ता भरतो. पण पानावरून उठू नका. उठलात, तर उद्या तुमचं पद राहणार नाही!"

"नाही राहिलं तर नाही," सुनेत्र शांतपणे म्हणाला. "दंडाचं कोतवाल बघतील. पण या पोरीच्या लग्नाचं अन्न माझ्या घशाखाली उतरायचं नाही, शेटजी."

काय माणूस होता! त्याने आवाज चढवला नाही, शिपाई बोलावले नाहीत. नंदकाला स्वतःची लाज वाटली आणि तोही उठला. मग राजवैद्य उठला, त्याच्या मागोमाग अख्खी ओळ उठली. शेवटी कुंदाचा होणारा सासराच म्हणाला, "एवढी माणसं उपाशी धाडून मला सून न्यायची नाही."

शेटजी मटकन खाली बसले. थोरलीने स्वतःच्या हाताने बहिणीच्या मुंडावळ्या सोडल्या. नवरी म्हणून पोरीला सकाळपासून उपास घडवला होता. तिने एवढेच विचारले, "ताई, आता मी जेवू?"

सुनेत्राने तिला आपल्या शेजारी बसवले, आणि तिने घास घेतल्यावरच पंगत जेवली. राजाच्या कानावर हे गेले तेव्हा त्याने अमात्याला तर ठेवलेच, शिवाय कायद्यात भर घातली: अशा लग्नात जो जेवेल, तोही दोषी.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, कायद्याने काही होत नाही असे आज तुमच्यापैकी ज्याने म्हटले, तोच तेव्हाचा नंदक. अमात्य सुनेत्र मीच होतो. आणि ती कुंदा म्हणजे तुम्ही रोज जिच्यापुढे धर्म ऐकायला बसता, ती थेरी, ती ज्येष्ठ भिक्षुणी."

बोधिसत्त्वाने त्या जन्मी पुरी केली ती अधिष्ठान पारमिता, म्हणजे न ढळणारा निश्चय.