हंसावती राणीची लाज

एकदा काय झालं, हंसावती नावाची राजकन्या लग्न होऊन सासरी आली, राणी झाली. पहिल्याच दिवशी भर दरबारात तिला शिंक आली. साधीसुधी नाही बरं का, शेंबूड थेट भरजरी पदरावर! शेजारी बसलेला राजाच खुदकन हसला. मग सगळा दरबार हसला. राणीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण तिच्या पोटात जावं.

तेव्हापासून तिला स्वतःच्या अंगाचीच लाज वाटू लागली. घाम आला की लाज. नाक वाहिलं की लाज. मोरीकडे जायचं तर दासींसमोरून जायचं, त्याचीही लाज. शेवटी ती नदीवर गेली. नदीत जलदेवी राहायची. राणी म्हणाली, "आई, मला घाम नको, शेंबूड नको, लघवी नको. बाहुलीसारखी स्वच्छ राहू दे."

"पोरी, बाहुलीला जीव नसतो गं," देवी म्हणाली. पण राणी ऐकेना. शेवटी देवी म्हणाली, "बरं, तुझ्या मनासारखं होईल."

मग पहिल्या दिवशी घाम थांबला. राणीचं अंग उन्हात तव्यासारखं तापलं, ते निवेचना. दुसऱ्या दिवशी नाक कोरडं पडलं. धूळ शिरली ती थेट छातीत. खोकून खोकून राणी बेजार. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. पाय सुजले, तोंड सुजलं, अंगठी बोटात रुतली. ताप तर असा चढला, की राजवैद्य धावत आले.

"राणीसाहेब, लघवी होते ना?"

राजा तिथंच उभा. राणीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "होते," म्हणाली. खोटं बोलली, लाजेपायी!

वैद्य फसले, पण धुरपा परटीण फसली नाही. धुणं न्यायला आली आणि राणीच्या कानाशी वाकली. "बाईसाहेब, तीन दिवस झाले, चोळीला घाम नाही, कालपासून रुमाल कोरा. अंगातली घाण जाते कुठं?"

"हळू बोल गं, कुणी ऐकेल," राणी रडायला लागली.

"अवो, रडता कशाला? अख्ख्या गावाची धुणी धुते मी. राजालाबी घाम येतो. घामानं अंग निवतं, शेंबडात धूळ अडकते, लघवीवाटे आतलं विष जातं. कोंडून ठेवलं तर माणूस मरंल की!"

मग राणीनं सगळं सांगून टाकलं. धुरपानं आरडाओरडा करून पालखी मागवली. राणीला नदीवर नेलं. राजा आला, सासूबाई आल्या, निम्मं गाव आलं. देवी वर आली. "काय हवं?"

"ते... तेच," राणी पुटपुटली.

"तेच म्हणजे?"

राणीचे कान लालेलाल झाले. पण श्वास लागला होता. तिनं डोळे गच्च मिटले आणि ओरडली, "मला घाम दे, शेंबूड दे, आणि मला लघवी होऊ दे!"

कुणी म्हणजे कुणी हसलं नाही. राजाची मान मात्र खाली गेली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "त्या दिवशी हसायला नको होतं." देवीनं पाणी शिंपडलं. राणीच्या कपाळावर घाम फुटला, नाक वाहू लागलं, आणि मग... राजानं पटकन अंगावरचा शेला काढला आणि स्वतः आडोसा धरून उभा राहिला, पाठ फिरवून.

चार दिवसांत राणी खडखडीत बरी झाली. पुढं खूप वर्षं ती सुखात राहिली, दरबारात खुशाल शिंकली.

चला, उठा बघू. लघवीला जाऊन या, हातपाय धुवा, आणि झोपा गुपचूप.