मोकळा हात

“आईंचा हात वाचू दे, वर्षभर संकष्टी करीन,” असं मी गणपतीला बोलले होते. तालुक्याच्या दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीच्या दारात उभी राहून. बाप्पाने ऐकलं. कुणाच्या हातून ऐकलं, तेवढं सांगते.

“मग मी करू तरी काय, सिस्टर?” अश्लेषा रडकुंडीला आली होती. नवीन नर्स, सुवर्णपदक मिळवून आलेली.

सासूबाई ओट्यावरून घसरून पडल्या होत्या. मनगट मोडलं, हात सुजला, हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या. बोटं काळीनिळी पडत चालली होती.

आणि सासूबाईंनी तो हात पदराखाली घट्ट लपवला होता.

“घरी आमचे हे तापाने पडलेत, आणि ही बया म्हणते बांगड्या फोडू!”

“आजी, हात जाईल तुमचा!”

“जाऊ दे. कुंकू राहू दे.”

“अडाणीपणा आहे नुसता,” अश्लेषा पुटपुटली.

सिस्टर भिंगारदिवे पुढे आल्या. केस पिकलेले, गळ्यात बारीकसा क्रूस, निवृत्तीला महिना उरलेला. त्या सासूबाईंच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या.

“आजी, मला तुमच्यातलं माहीत नाही. हात मोकळा ठेवायचा नसला, तर काय करतात?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं…

“हळदीचा दोरा बांधतात. नव्या भरेपर्यंत.”

सिस्टरनी गॉजची पट्टी फाडली. जखमेला लावायच्या पिवळ्या औषधात बुडवली, पिळली, आणि दुखऱ्या हाताला, कोपराच्या वर, सैलसर बांधली.

“चालेल?”

“हळद नाही…” सासूबाई म्हणाल्या. मग हसल्या. “पण रंग बरा धरलाय हो!”

पदराखालून हात आपसूक बाहेर आला.

“वाढवू ना आजी?”

“वाढव बाई.”

गॉजमध्ये धरून, चिमट्याने, एकेक बांगडी वाढवली. एक ओरखडा नाही. थोड्याच वेळात बोटांवर लाली चढली.

अश्लेषा मान खाली घालून काचा गोळा करत होती.

“सिस्टर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आत्ताच शिकले. तुझ्यासमोर.”

“इतकी वर्षं नोकरी करून?”

सिस्टरनी स्टूल ओढलं, सासूबाईंच्या जवळ बसल्या.

“आजी, बायका आम्हाला सांगत नाहीत. आणखी काय काय नसतं करायचं?”

सासूबाईंना काय, तेच हवं होतं! त्या सावरून बसल्या.

अश्लेषा घुटमळली… “सिस्टर, बाहेर पेशंट थांबलेत. मी जाऊ?”

सिस्टरनी स्टुलावर अर्धी जागा केली.

“दोन मिनिटं बस गं. तूही ऐक.”