साच्यातली घंटा

फार पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी, घंटापूर नावाच्या नगरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्वाचा जन्म ओताऱ्यांच्या कुळात झाला. त्याचे नाव सुनाद. वयात आल्यावर तो ओताऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, प्रमुख झाला आणि लोक त्याला श्रेष्ठी म्हणू लागले. या नगरात ओतलेल्या घंटा दूरदूरच्या देवळांत आणि हत्तींच्या गळ्यांत वाजत. नगराला लागून शुभ्रा नदी वाहत असे. श्वेतगिरीवरचे बर्फ वितळून तिला पाणी येई, आणि खाली शालिवन गावात त्या पाण्यावर भात पिके.

ओतारआळीत एक जुनी रीत होती: भट्टी विझू द्यायची नाही. ज्याची भट्टी थंड पडली त्याचे घर बुडाले, असे लोक समजत आणि त्या घरात कोणी मुलगी देत नसे. त्यामुळे हाती काम असो वा नसो, भाते चालूच असत. रिकाम्या भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला विचारावे, बाबा रे, हे कशासाठी, तर तो म्हणे, शेजाऱ्याची पेटती आहे म्हणून. माणसे अब्रूसाठी काय काय जाळतील याचा नेम नाही.

आधी भट्ट्यांना रानातले लाकूड लागे. पुढे सुनादच्या वडिलांना डोंगराच्या पोटात जळणारा काळा दगड सापडला. त्याची आग लाकडाहून कडक आणि टिकाऊ होती. खाण सुनादकडे वारशाने आली. आता आळीच काय, खालची कित्येक नगरेही त्याच्याकडून दगड नेत, आणि त्याच्याइतका धनवान घंटापुरात दुसरा नव्हता. लाकूड लागेनासे झाले तसे रान जपायचेही कारण उरले नाही. लोकांनी उतारावरची झाडे तोडून नव्या भट्ट्यांना जागा केली.

हळूहळू हवा पालटली. पूर्वी पहाटे अंगावर घोंगडी ओढावी लागे, आता रात्रीसुद्धा जीव घुसमटू लागला. श्वेतगिरीवरचे बर्फ वर वर सरकत गेले आणि शुभ्रा रोडावली. राजाने ज्योतिष्यांना विचारले. त्यांनी आकाशातल्या देवता रुष्ट झाल्याचे सांगितले. त्यांना प्रसन्न करण्यासाठी राजाने आजवर कोणी ओतली नाही एवढी मोठी घंटा करायची आज्ञा दिली, आणि तिच्यासाठी भट्ट्या दुपटीने पेटल्या. रोग हल्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

एके दुपारी सुनादची धाकटी बहीण वेणुमती शालिवनाहून चालत आली. तिथे तिचे सासर होते. पाणीसुद्धा न घेता तिने पदराची गाठ सोडली आणि मूठभर भात भावापुढे ठेवले.

"दादा, हे बियाणं आहे. पेरू की शिजवू, एवढंच सांग. पेरलं आणि नदी आली नाही तर याच वर्षी गाव उठेल. शिजवलं तर पुढच्या वर्षी उठेल."

ती ओसरीवर टेकली आणि सुनाद भट्टीत घालायचा दगड फोडू लागला. एक दगड मधोमध दुभंगला आणि आत नेच्याचे एक पान उमटलेले दिसले. दांडी, शिरा, टोकाची वळलेली पाती, सगळे जसेच्या तसे होते. त्याने दुसरा दगड फोडला. त्यात झाडाची साल होती.

त्याने ते पान उजेडात धरले. त्याच्या मनात आले, हा दगड नव्हेच, हे रान आहे. आपण लाकूड जाळतो तेव्हा झाडाने वाऱ्यातून घेतलेलेच वाऱ्याला परत जाते, आणि नवी पालवी ते पुन्हा ओढून घेते. ते देणेघेणे बरोबरीने चालते. पण हे रान कोणत्या युगात जमिनीत निजले कोण जाणे. त्याने साठवलेला श्वास आम्ही उकरून वर सोडतो आहोत आणि तो परत घेणारी झाडेही आम्हीच तोडली. डोळ्यांना दिसत नाही, पण साऱ्या मुलुखावर त्याची वाकळ पसरली आहे. म्हणून रात्री निवत नाहीत आणि बर्फ टिकत नाही. वेणूचे भात माझ्या भट्टीत जळते आहे. हे कळले तेव्हा त्याला फार दुःख झाले.

त्याने बहिणीला सांगितले, "शिजवू नकोस. गावाला खायला मी देतो. बियाणं तेवढं जिवंत ठेव."

मग त्याने श्रेणी बोलावली आणि आपल्याला कळले ते सांगितले. ओताऱ्यांना ते पटले नाही. दंडक नावाचा एक फटकळ ओतारी म्हणाला की श्रेष्ठींचे पोट भरले आहे, म्हणून त्यांना उपास सुचतो. सगळे हसले. सुनादने वाद घातला नाही. तो घरी गेला, त्याने भाता सोडला आणि आपली भट्टी विझू दिली. दुसऱ्या दिवशी त्याने राजालाही सारे सांगितले; राजाने मोठी घंटा तूर्त थांबवली, आणि सुनादने खाणीच्या तोंडाशी शिळा रचायला माणसे लावली.

सुनादचे घर बुडाले, अशी आवई नगरभर उठली. गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. त्याच्या मुलाची ठरलेली सोयरीक मोडली. सुनादने मात्र आळीच्या टोकाला एकच मोठी सामायिक भट्टी बांधली. घंटा ओतायची असेल तेव्हाच ती पेटे आणि पुष्कळांचे कांसे एकाच आगीवर वितळे. तूर्त वाळक्या लाकडांवर भागवत तिच्यासाठी त्याने उतारावर रान लावले आणि त्याचे वाटे पाडले. दर वर्षी एकच वाटा तोडायचा, बुंधे राखायचे, धुमारे फुटू द्यायचे, म्हणजे जेवढे जळेल तेवढे पुन्हा उगवेल. कोठारातले धान्य त्याने शालिवनाला दिले, आणि शालिवनाची माणसे वर येऊन त्याच्याबरोबर रोपे लावू लागली.

खाण बंद झाल्यावर इतर भट्ट्या उरलेल्या दगडांवर रखडत होत्या. एके सकाळी धूर जरा विरळ होता आणि दंडकच्या म्हाताऱ्या आईला अंगणातून श्वेतगिरी दिसला. लग्न होऊन आले तेव्हा दिसत असे, ती म्हणाली, मला वाटले होते की माझे डोळेच गेले. तिने पदर सावरून डोंगराला हात जोडले. त्या दिवशी दंडकने भाता हातात धरला नाही. पुढे एकामागून एक घरे सामायिक भट्टीवर आली. सगळ्यांच्याच भट्ट्या थंड, तेव्हा मुली कोणाला द्यायच्या हा प्रश्नही आपोआप सुटला.

असे काही हिवाळे गेले. बर्फ वाढले नाही, नदी आली नाही. राजाचा धीर सुटला. त्याने सुनादला बोलावून विचारले, "श्रेष्ठी, तुमच्या शब्दावर मी नगरातला धूर जाऊ दिला. नदी कुठे आहे? मी खाण उघडतो."

सुनाद राजाला ओतशाळेत घेऊन गेला. आदल्या दिवशी ओतलेली एक घंटा जमिनीत, मातीच्या साच्यात होती. तिच्यावरच्या मातीला हात लावावा, अशी त्याने राजाला विनंती केली. राजाने तळवा टेकवला आणि चटकन उचलला.

"महाराज, आग कालच विझली आहे," सुनाद म्हणाला, आणि त्याने साचा फोडायला घण उचलला.

राजा घंटापुरातच वाढलेला होता. तो म्हणाला, "थांबा. आत्ता साचा फोडलात तर घंटेला तडा जाईल. जन्मभर बद्द वाजेल ती."

सुनादने घण खाली ठेवला. राजाने एकदा मातीकडे पाहिले, एकदा डोंगराकडे, आणि हळू आवाजात विचारले, "किती काळ लागेल?"

"तापवायला दोन पिढ्या लागल्या, महाराज. लवकर निवेल असं खोटं सांगणार नाही. पण आग वाढवत राहिलो तर कधीच निवणार नाही, एवढं खरं."

राजाने खाण उघडली नाही. देवतांसाठी योजलेली ती मोठी घंटा त्याने सामायिक भट्टीवर, नव्या रानाच्या पहिल्या लाकडावर ओतवून घेतली, आणि शुभ्रेचे पाणी भर उन्हाळ्यात शालिवनाला पोहोचेल तेव्हाच साचा फोडायचा, असे ठरवले.

वर्षे गेली. साच्यावर गवत उगवले, मुले त्यावर घसरगुंडी खेळू लागली. जुने बियाणे उगवत नाही, म्हणून वेणुमती दर वर्षी विहिरीच्या पाण्यावर ओंजळभर भाताचा वाफा करी आणि आलेले दाणे पुन्हा बियाण्याला ठेवी. उतारावरच्या झाडांनी सावली धरली, झऱ्यांना ओल आली. श्वेतगिरीची पांढरी कड आधी थांबली, मग एका हिवाळ्यात थोडी खाली उतरली.

आणि एका वैशाखात वेणुमती वर आली. तिचे केस पिकले होते आणि लुगड्याचा काठ शेतातल्या ओल्या चिखलाने भरला होता. तो चिखल पाहूनच दंडकने घण आणायला माणूस पाठवला. म्हातारा राजा पालखीतून आला. साचा फुटला, घंटा दोरांनी वर निघाली आणि राजाने टोल दिला.

सारी आळी डोळे मिटून ऐकत होती. सुनादला मात्र काही ऐकू आले नाही. जन्मभर घंटांपाशी काम करून ओताऱ्यांचे कान जातात, तसे त्याचेही गेले होते. वेणुमतीने त्याचा हात धरला आणि घंटेवर ठेवला. धातू थंडगार होता. नाद त्याच्या तळव्यातून खांद्यापर्यंत चढला आणि कितीतरी वेळ तिथेच राहिला. कुठेही तडा नव्हता. सुनाद हसला. त्याने बहिणीच्या काठाचा ओला चिखल बोटाने टिपला आणि कपाळाला लावला.

आपण लावलेल्या रोपांची सावली आपल्याला मिळायची नाही म्हणून त्यांना पाणी घालणे सोडून दिलेल्या उत्तिय नावाच्या भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली आणि मागच्या-आताच्या जन्मांचा मेळ घालत ते म्हणाले: तेव्हाचा दंडक आज विहारातला फटकळ स्वयंपाकी आहे. तेव्हाची वेणुमती म्हणजे भिक्षुणी चित्रलता. धीर सुटलेला पण थांबायला शिकलेला राजा अरिंदम म्हणजे तू, उत्तिय, आणि ओतारी सुनाद तो मीच. लाभ सोडणे एका दिवसात होते. सोडल्यावर फळाची वाट पाहत काम करीत राहणे, ही धीराची पूर्णता, क्षांती पारमिता.

उत्तिय उठला, त्याने शास्त्यांना वंदन केले, आणि कोपऱ्यातली घागर घेऊन तो रोपांकडे गेला.