निरोपाची हाक

मुलांनो, सागाच्या एका दाट रानातून एक नदी वाहत होती, आणि तिच्या अलीकडच्या काठावर, वाळूत आणि गोट्यांत, एक टिटवी राहत होती. टिटवीचा आवाज तुम्ही ऐकला असेल. हळू बोलणे तिला जमतच नाही. या टिटवीला तर आपल्या आवाजाचा फार अभिमान होता, कारण काठाने तिला त्याच आवाजासाठी एक मान दिला होता. पावसाळ्याचे पाणी ओसरले की नदीतल्या बेटावर दोन्ही काठांचा खेळ रंगे, आणि अलीकडच्या काठाच्या प्रत्येक खेळाडूला त्याची वेगळी हाक पहिल्यांदा टिटवीने द्यायची असे. मग तिच्यामागून सगळा काठ ओरडे.

खेळ तसा साधा होता. बेटावर अर्जुनाचे एक जुने झाड होते आणि त्याच्या खोडात बरीच उंच एक ढोली होती. दोन्ही काठांचे पाच-पाच खेळाडू उतरत. हातात येईल ते कवठ ढोलीत टाकायचे आणि समोरच्याला टाकू द्यायचे नाही, एवढेच. ज्या काठाची कवठे जास्त, तो काठ जिंकला.

आठ वर्षांपूर्वी वरच्या डोंगरातून एक तरुण वानर त्या रानात आला. त्याची उडी पाहून दोन्ही काठांच्या तोंडाला पाणी सुटले. रानाची रीत अशी होती की नव्या खेळाडूला दोन्ही काठांनी बोलवायचे आणि त्याने मनाला येईल तो काठ निवडायचा. अलीकडच्या काठाने मग काही बाकी ठेवले नाही. त्याच्यासाठी जांभळाच्या झाडाखालची जागा झाडून ठेवली, पिकलेली बोरे वेचून त्यांचा ढीग लावला, आणि टिटवी तर तीन दिवस घसा फुटेपर्यंत त्याला हाका देत राहिली. वानर आला. जांभळाखाली बसला. सगळी बोरे त्याने सावकाश खाल्ली, इकडेतिकडे पाहिले, आणि एका उडीत पलीकडच्या काठावर जाऊन बसला.

टिटवीच्या हे फार जिव्हारी लागले. नकार दिला असता तर एक वेळ चालले असते, पण बोरे खाऊन नकार! त्या वर्षी अलीकडच्या काठाला पाचवा खेळाडूच मिळाला नाही. जागा रिकामी राहू नये म्हणून एक मुंगूस पुढे आले आणि वानराला अडवायचे काम त्याच्याकडे गेले. ते कुणी ठरवले, कधी ठरवले, हे कुणाच्याच ध्यानात राहिले नाही. सगळ्यांचे डोळे वानरावर होते.

आणि वानर खेळायचा तरी कसा! धावत येऊन उडी मारायचा, हवेतच अंग वळवायचा आणि डाव्या हाताने कवठ असे सोडायचा की ते ढोलीच्या कडेलासुद्धा लागत नसे. तो बेटावर उतरला की टिटवी सुरू होई, "बोरं परत दे! बोरं परत दे!" मागून काठ तेच ओरडे. वानराचे कवठ हुकले की अलीकडे जो जल्लोष होई, तो स्वतःच्या खेळाडूने टाकलेल्या कवठालाही होत नसे. एकदा मात्र वानराने इतक्या लांबून उडी घेतली की टिटवीची चोच उघडी ती उघडीच राहिली. शेजारच्या कासवाने विचारले तेव्हा घशात किडा अडकला म्हणून तिने वेळ मारून नेली. मुलांनो, तसले किडे तिच्या घशात पुढेही बरेच अडकले.

अशी आठ वर्षे गेली. मग एके दिवशी पलीकडून निरोप आला, की वानराचे गुडघे थकले आहेत, हा त्याचा शेवटचा हंगाम, आणि उद्या सकाळी तो रीतीप्रमाणे दोन्ही काठांवरून एकेक फेरी मारून डोंगरात परत जाणार आहे.

ती रीत मोठी कडक होती. खेळ सोडणाऱ्याचा खेळ ज्या काठाला खरा वाटला, त्या काठाने त्याला निरोपाच्या तीन हाका द्यायच्या. हाक मिळाली नाही, तर तो गप निघून जाई आणि त्या काठावर त्याच्या खेळाच्या गोष्टी पुन्हा कधी कुणी सांगायच्या नाहीत. पहिली हाक अर्थात टिटवीची. तिने दिली नाही, तर दुसऱ्या कुणाला देता येत नव्हती.

दिवसभर काठावर दुसरा विषय नव्हता. साळिंदर काटे फुलवून म्हणाले, की ज्याने आपली बोरे खाऊन पाठ फिरवली त्याला आपण हाक का द्यायची. म्हाताऱ्या कासवाचे म्हणणे पडले की खेळ तो खेळ, द्यावी. ससा दोघांनाही हो म्हणत फिरत होता. सकाळी बोरांवरून तावातावाने भांडणारी खार दुपारी एकटीच जांभळाच्या फांदीवरून उडी मारून हवेत डावीकडे वळून पाहत होती, तेही टिटवीने पाहिले.

टिटवीला त्या दिवशी दाणा गोड लागला नाही. हाक द्यावी, तर आठ वर्षे आपण जे ओरडलो ते सगळे खोटे ठरणार. न द्यावी, तर आपल्या डोळ्यांनी जे पाहिले ते खोटे ठरणार, आणि ती लांबून घेतलेली उडी उद्यापासून या काठावर कधी झालीच नाही असे होणार. तिला वानराचा राग येत होता आणि तो जाणार म्हणून वाईटही वाटत होते. दोन्ही एकाच वेळी कसे वाटू शकते, हेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर वानर आला. जवळून तो बराच म्हातारा दिसत होता. काठावरचे सगळे वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे होते. वानर टिटवीसमोर आला तेव्हा हाक द्यायच्या ऐवजी तिच्या तोंडून आठ वर्षांचा प्रश्न बाहेर पडला.

"आमच्याकडे का आला नाहीस?"

वानराने थोडा विचार केला. "खरं सांगू, टिटवीताई? पलीकडचं चिंचेचं झाड मला आवडलं. तुम्ही वाईट होता असं काही नव्हतं. बोरंसुद्धा गोड होती."

एवढेच! आठ वर्षे तिने मनातल्या मनात त्याच्याकडून किती कारणे वदवून घेतली होती. कधी गर्व, कधी लोभ, कधी पलीकडच्यांची फूस. आणि कारण निघाले एक चिंचेचे झाड. माफी तर त्याने मागितलीच नाही, आणि मागावी असे त्याच्या मनातही दिसत नव्हते. टिटवीने चोच मिटून घेतली. हाक द्यायची नाही, हे तिचे त्या क्षणी ठरले.

वानराला ते कळले असावे. तो जायला वळला आणि मग थांबून म्हणाला, "जाताजाता तुमच्या मुंगसाला भेटावं म्हणतो. आठ वर्षांत मला सगळ्यांत जास्त अडवलं ते त्यानं. त्याच्या भीतीनं तर मी डाव्या हातानं टाकायला शिकलो. त्याला तुम्ही कोणती हाक देता? मला कधी ऐकू आली नाही."

टिटवी आठवू लागली. सशाची हाक तिला पाठ होती, उदमांजराची होती, खारीची तर दोन होत्या. मुंगसाची आठवेना, कारण ती नव्हतीच. मुंगसाने वानराचे कवठ अडवले की टिटवी वानरालाच चिडवायची. कवठ हुकले म्हणून ती ओरडायची, अडवले म्हणून कधीच नाही. आठ वर्षे ते मुंगूस तिच्या डोळ्यांसमोर उड्या घेत होते, आणि तिने त्याच्या पलीकडे पाहिले होते. तिला स्वतःची लाज वाटली.

मुंगूस गर्दीत नव्हतेच. पुढच्या खेळासाठी ते बेटावर कवठे गोळा करत होते. त्याला बोलावून आणले. अंगाला वाळू लागलेली, एक कान मागे कधीतरी फाटलेला. टिटवी त्याला म्हणाली, की बाबा, याला हाक द्यायची की नाही हे आता तूच सांग. तुझ्याइतका याला कुणी ओळखत नाही.

मुंगसाने वानराकडे पाहिले, मग टिटवीकडे. ते फारसे बोलणारे नव्हते.

"द्या की," ते म्हणाले. "हा खेळाडूच नव्हता असं म्हणालात, तर आठ वर्षं मी अडवत कुणाला होतो?"



टिटवीने पंख झटकले आणि पहिली हाक दिली. ती जरा घोगरीच निघाली. दुसरी नीट आली. तिसऱ्या हाकेला अख्खा काठ तिच्यामागून ओरडला, फक्त साळिंदर तेवढे गप्प राहिले, आणि त्याला कुणी बोल लावला नाही. वानराने दोन्ही हात जोडले, मुंगसाच्या पाठीवर थाप मारली आणि तो डोंगराच्या वाटेला लागला. टिटवीचा राग गेला का? नाही, मुलांनो, थोडा राहिलाच. पण वानर सागांच्या आड जाईपर्यंत तिने त्याच्यावरून नजर काढली नाही.

मग ती वळली. मुंगूस पुन्हा बेटाकडे निघाले होते. निरोपाची हाक खेळ सोडणाऱ्यालाच द्यायची असते, आणि मुंगसाचे तर अजून दोन-तीन हंगाम शिल्लक होते. पण टिटवीने त्या दिवशी रीतबीत काही पाहिली नाही. तिने मान वर केली आणि आयुष्यात दिली नव्हती एवढी मोठी हाक मुंगसाला दिली.

मुंगूस थबकले. ही हाक कुणाला, हे बघायला त्याने समोर बेटाकडे पाहिले. त्याच्या पुढे कुणीच नव्हते.

तात्पर्य : सोडून गेलेल्यावर रुसून बसले, की सोबत राहिलेल्याला हाक द्यायची राहून जाते.